पहिला हातातला जीपीएस घेताना : इब्रामपूरच्या मामा-भाच्याने विचारलं म्हणून



आपल्या एका सभासदाची होडी शापोऱ्याच्या तोंडाशी असते आणि त्यांच्या बहिणीचं सासर इब्रामपूरला. भाच्याला डोंगर फिरायचा नाद. सुट्टी मिळाली की काजूच्या बागांतून वर, नाहीतर दोडामार्गच्या बाजूला उतरून तिळारीच्या रानात. हंगामात मात्र तो मामाबरोबर दर्यावर येतो. आता दोघांनी मिळून अर्धे-अर्धे पैसे घालून एक हातातला जीपीएस घ्यायचं ठरवलंय. पावसात होडी वर ओढलेली असते तेव्हा यंत्र इब्रामपुरात, हंगामात शापोऱ्यात. मामाने आम्हाला फोन केला, "कुठला घेऊ? माझा चुलतभाऊ तारवटी आहे, तो बाहेरून आणतो म्हणतो." साधा प्रश्न वाटला, पण फोन दीड तास चालला. म्हणून ते सगळं इथे लिहितोय. बऱ्याच घरांत हाच प्रश्न असणार.

सुरुवात त्या तारवटी भावापासूनच करू, कारण चूक झाली तर सगळ्यात महाग तिथेच पडते.

दुकानात दोन यंत्रं शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ वाटतील. एक असतो साधा जीपीएस रिसीव्हर. तो फक्त ऐकतो. उपग्रहांचे सिग्नल घेतो, आपली जागा काढतो, स्वतः काहीच पाठवत नाही. दुसऱ्याला सॅटेलाइट कम्युनिकेटर म्हणतात. गार्मिनचं 'इनरीच' त्यातलंच. ते उपग्रहावरून मेसेज पाठवतं, एसओएस पाठवतं. दर्यावर असं यंत्र हवंसं वाटणारच, पण आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांखाली आजवर लोक अडकले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन पाहुणीला असंच इनरीच बॅगेत सापडल्यामुळे अडवून पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. ती बातमी जगभर झाली. ती बाई तर नुसती डोंगर पळणारी, तिला कायदा ठाऊकच नव्हता.

आणि हे उगाच नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून वापरली गेली, आणि तपासात त्या बोटीवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस सापडले. तेव्हापासून किनाऱ्यावर असलं यंत्र दिसलं की विचारपूस होणारच. म्हणून तारवटी भावाला स्पष्ट सांगा : दादा, तू काही आणू नकोस. साधा रिसीव्हरसुद्धा विमानतळावर दाखवून समजावत बसावं लागतं. इथल्या दुकानातून, पक्क्या बिलावर, भारतातल्या वॉरंटीचा घ्या. बिलाची एक प्रत होडीच्या कागदांबरोबर ठेवा.

आता मोबाईलचं. भाच्याचं म्हणणं होतं की फोनमध्ये जीपीएस आहेच, मग वेगळा कशाला? प्रश्न रास्त आहे. आणि इथे एक गैरसमज आधी काढून टाकू : रेंज गेली की फोनचा जीपीएस बंद पडत नाही. जीपीएसचा टॉवरशी संबंध नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल देतात, चार उपग्रह मिळाले की जागा निघते, मग तुम्ही तिळारीच्या दरीत असा की किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर. रेंज गेल्यावर बंद पडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर फोन चालतो.

पण ओल्या, मासळीच्या चिकट हाताने स्क्रीन दाबून बघा. पावसाचे थेंब पडले की फोन आपणहून भलतीच बटणं दाबतो. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, तापला की बंद. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, जीव धोक्यात असताना मदतीला फोन करायचा तो याच बॅटरीवर. ती दिवसभर नकाशा बघण्यात संपवायची का? आमचं मत : फोनचा जीपीएस सोबत असू दे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

मग घ्यायचा कुठला? मामा-भाच्याची गरज जरा वेगळी आहे. एकच यंत्र दोघांना, एकदा रानात आणि एकदा दर्यात. दुकानदार पहिल्यांदा रंगीत स्क्रीन आणि नकाशे दाखवेल. तुम्ही पहिल्यांदा विचारा, पाण्यात पडला तर तरंगतो का?

'वॉटरप्रूफ' आणि 'तरंगणारा' या दोन वेगळ्या गोष्टी. डब्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, एवढाच. दर्या एक मीटर खोल नसतो. आमच्यातल्या एकाचा चांगला, महाग, आयपीएक्स ७ हँडसेट शापोऱ्याच्या तोंडावर जाळं ओढताना खिशातून निसटला. यंत्र खराब झालं नाही, बुडालं. गार्मिनचं जुनं '७२ एच' आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच होड्यांत दिसतं, ते तरंगतं. 'जीपीएसमॅप ७८' आणि '७९' या जातीचे सागरी हँडसेटही तरंगतात. 'ईट्रेक्स' हे डोंगर फिरणाऱ्यांचं यंत्र. लहान, हलकं, स्वस्त, पण तरंगत नाही. ईट्रेक्स घेतलाच तर त्याला दोरी बांधा, आणि दोरीचं दुसरं टोक होडीला नको, माणसाला, लाइफ जॅकेटला. का, ते पुढे येईल.

दुसरा प्रश्न सेलचा. आत बसवलेली, चार्ज करायची बॅटरी सुटसुटीत वाटते, पण होडीवर चार्जिंग नसेल तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. दोन सेल कुठल्याही गावच्या दुकानात मिळतात. जुने ईट्रेक्स १० आणि २२ एक्स यांसारखे दोन सेलवर साधारण २५ तास जातात असं कंपनी सांगते. २०२३ ला आलेला 'ईट्रेक्स एसई' १६८ तास सांगतो. हे कंपनीचे आकडे. स्क्रीनचा दिवा सतत लावून ठेवलात तर त्यातले कितीतरी तास कमी होणार. स्वस्तातले साधे सेल घालू नका, अल्कलाइन घ्या, आणि मेनूत सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर 'बॅटरी भरलेली' दाखवत यंत्र अचानक बंद पडेल. सुटे दोन सेल प्लास्टिकच्या डबीत, नेहमी.

बटणं की टच? बटणं. यावर आम्ही चर्चासुद्धा करणार नाही.

नकाशा असलेलाच हवा का? डोंगरासाठी उपयोग आहे, पण होडीसाठी यंत्रातल्या नकाशावर विसंबण्याइतका तो बारीक नसतो. पहिल्या यंत्रात खुणा साठवता आल्या, आलेली वाट परत दाखवता आली आणि खुणेकडे जायची दिशा-अंतर दाखवलं की झालं. किंमत आम्ही मुद्दामच लिहीत नाही, महिन्याला बदलते. तीन ठिकाणी विचारा. त्याआधी मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा, कारण मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक आणि यांत्रिक होड्यांना संपर्काच्या आणि माग ठेवायच्या यंत्रांसाठी मदत आहे. देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची ३६४ कोटींची योजनाही त्यातलीच. ट्रान्सपॉन्डर मिळाला तर तो जरूर बसवा. संकटाचा निरोप पाठवायचं काम त्याचं, हातातल्या जीपीएसचं नाही.

यंत्र घरी आलं की लोक थेट दर्यावर घेऊन जातात. तसं करू नका. भाच्याला आम्ही इब्रामपुरातच करायचा धडा दिला, तो तुम्हीही करा.

अंगणात, वर मोकळं आभाळ असेल तिथे, यंत्र सुरू करून वीस मिनिटं ठेवा. नवं यंत्र पहिल्यांदा उपग्रहांची यादी भरून घेतं, त्याला वेळ लागतो. मग तुळशीपाशी उभे राहून खूण करा, नाव द्या 'घर'. चालत नदीकडे किंवा डोंगराकडे अर्धा तास जा. आता यादीतून 'घर' निवडून 'गो टू' दाबा आणि बाण सांगेल तसं परत या. तुळशीपाशी आल्यावर यंत्र किती मीटर बाकी दाखवतं ते बघा. मोकळ्यावर तीन ते पाच मीटरचा फरक असतो. मग हाच प्रयोग दाट झाडीखाली करा, फरक दहा, वीस मीटर किंवा जास्त निघेल. झाडं आणि डोंगराच्या कडा सिग्नल अडवतात. दर्यावर आभाळ मोकळं म्हणून तिथे यंत्र रानापेक्षा चांगलं चालतं.

याच धड्यात दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, उभं राहिलं की बाण वेड्यासारखा फिरतो. ज्या यंत्रात वेगळं होकायंत्र नाही, त्याला दिशा फक्त चालताना कळते. होडी थांबली की बाणावर विश्वास ठेवू नका. दोन, 'गो टू' सरळ रेघ दाखवतो. मध्ये ओढा आहे, कडा आहे, कुणाचं कुंपण आहे, याची त्याला फिकीर नाही.

ही सरळ रेघ शापोऱ्यात जीव घेऊ शकते. बाहेरून, नैर्ऋत्येकडून येताना धक्क्याची खूण लावून 'गो टू' दाबलंत तर रेघ जाते शापोऱ्याच्या किल्ल्याच्या डोंगरावरून. दिवसा तुम्ही हसाल. रात्री, पाऊस भरून आलेला असताना, थकलेला खलाशी सुकाणूवर असताना हसू येणार नाही. म्हणून एक खूण पुरत नाही. बाहेरची एक, तोंडातली एक, आतली एक, अशी वाट बांधा. आणि त्या तोंडातल्या खुणेचंही ऐका. नदीच्या तोंडाची वाळू पावसाळ्यात सरकते. मेमध्ये ज्या वाटेने निर्धास्त गेलात तिथेच ऑगस्टात वाळूचा पट्टा बसलेला असू शकतो. यंत्र तुम्हाला गेल्या वर्षीच्या वाटेवर अगदी बिनचूक नेऊन वाळूवर चढवेल. हंगामाच्या सुरुवातीला, दिवसाउजेडी, भरतीला, हळू जाऊन नवी वाट नोंदवा आणि जुनी पुसून टाका. पुसायला हात धजत नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी पुसा.

आता आकडे लिहायची गोष्ट. ही जरा कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते : अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि मिनिटांचा दशांश, किंवा नुसते अंश दशांशात. समजा कुणी फोनवर सांगितलं, "पंधरा, छत्तीस, पन्नास." तुम्ही यंत्रात घातलं १५ अंश ३६.५० मिनिटं. सांगणाऱ्याच्या मनात होतं १५ अंश ३६ मिनिटं ५० सेकंद. आता ३६.५० मिनिटं म्हणजे ३६ मिनिटं ३० सेकंद. फरक वीस सेकंदांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वीस सेकंद म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ६१७ मीटर. खडपावर जाळं फाटायला एवढं पुष्कळ झालं, आणि पाण्यात पडलेला माणूस न सापडायलाही.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची माहिती मराठीतही येते. त्या तक्त्यात अक्षांश-रेखांश अंश-मिनिटं-सेकंदांत असतात. आपल्या होडीवाल्यांच्या यंत्रात बहुतेक वेळा मिनिटांचा दशांश लावलेला असतो. सेकंदांना साठने भागा आणि मिनिटांत मिळवा : ५० सेकंद म्हणजे ०.८३३ मिनिट, म्हणून ३६.८३३. नाहीतर यंत्राची पद्धत तात्पुरती बदलून आकडे घाला, तेही चालतं. पण एका बंदरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत धरावी. आम्ही अंश आणि मिनिटांचा दशांश धरतो.

सेटिंगमध्ये 'डेटम' नावाची एक ओळ दिसेल. तिथे डब्ल्यूजीएस ८४ असू द्या. भाचा कुणाकडून जुना सर्वे ऑफ इंडियाचा कागदी नकाशा घेऊन त्यावर जागा ताडणार असेल तर त्याला सांगा की ते नकाशे 'एव्हरेस्ट' या जुन्या मापावर आहेत, आणि आपल्या भागात त्यामुळे शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. उत्तर 'ट्रू' ठेवा की 'मॅग्नेटिक', आपल्याकडे फरक एखाद्या अंशाचाच, त्यावर भांडू नका. होडीत एकक सागरी मैल आणि नॉट, रानात किलोमीटर. यंत्र हात बदलतं तेव्हा हे आधी तपासायचं.

माणूस पाण्यात पडला तर? सागरी हँडसेटमध्ये 'एमओबी'ची सोय असते. ठरलेलं बटण दाबून धरलं की त्या क्षणाची जागा नोंदते आणि यंत्र तिकडे परत न्यायला लागतं. डोंगरी यंत्रात ती नसेल तर 'मार्क' कसं पटकन करायचं ते डोळे मिटून यायला हवं. हे बटण होडीतल्या प्रत्येकाला दाखवा, फक्त तांडेलाला नाही. पडणारा तांडेलच असू शकतो. आणि लक्षात ठेवा, ती खूण जिथे माणूस पडला तिथली. पाणी त्याला घेऊन पुढे जातं. शोध तिथून सुरू करायचा आणि प्रवाह जातो त्या अंगाने. वर दोरी माणसाला बांधा म्हटलं ते याचसाठी. पडलेल्याकडे यंत्र असेल आणि होडीत फोन असेल तर काही उपयोग नाही असं एकजण म्हणाला, बरोबर आहे. म्हणून यंत्र तांडेलाच्या अंगावर आणि होडीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन जीपीएस सुरू करून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

तटरक्षक दलाचा नंबर १५५४. व्हीएचएफ असेल तर चॅनल १६. तिकडून पहिला प्रश्न येतो, "पोझिशन सांगा." तेव्हा स्क्रीनवरचे आकडे वाचता यायला हवेत : "पंधरा अंश, छत्तीस पॉइंट आठ तीन मिनिटं उत्तर, त्र्याहत्तर अंश, बेचाळीस पॉइंट एक शून्य मिनिटं पूर्व." हे आकडे नमुन्याला दिलेत, त्यावर कुणी जाऊ नका. एकेक आकडा सुटा वाचायचा, दोनदा वाचायचा. घरी जेवण झाल्यावर पोरांकडून वाचून घ्या. घरच्या बायकांनाही शिकवा, कारण फोन बहुतेक वेळा आधी घरी लागतो, आणि पुढे कळवणाऱ्या त्याच.

उत्तरेला जाणाऱ्यांसाठी एक. तेरेखोलची नदी आली म्हणजे गोवा संपला असं यंत्र बघून धरू नका. किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहे आणि तरी गोव्यात आहे, रेडीचा भाग त्याच्या पुढे. हद्दीच्या खुणा जाणत्या तांडेलाकडून घेऊन यंत्रात घाला. पलीकडे पकडलं गेल्यावर "कळलं नाही" हे कुणी ऐकत नाही.

मीठ हा यंत्राचा खरा शत्रू. किनाऱ्यावर आलात की झाकणं घट्ट बंद आहेत बघून गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, मग सेलचं झाकण उघडा. उलट क्रमाने केलंत तर पाणी आत. रबराच्या वळ्यावर वाळूचा एक कण असला तरी पाणी शिरतं. पावसाळ्यात भाच्याकडे पाठवताना सेल काढून पाठवा, गळके सेल यंत्र खातात.

शेवटची गोष्ट मामाने विचारली नव्हती, आम्हीच सांगितली.

आपल्या जुन्या लोकांनी यंत्राशिवाय खडपं धरली. आग्वादचा दिवा, शापोऱ्याचा किल्ला, मागचा डोंगर, एकावर एक आणून दोन रेघा जुळल्या की नांगर टाकायचा. ते ज्ञान तोंडी होतं, पण बापाबरोबर बसलेल्या मुलाला मिळत होतं. आता खुणा यंत्रात असतात. आपल्यातले एक जाणते तांडेल दोन वर्षांपूर्वी गेले. मुलाने यंत्र आणून आमच्यापुढे ठेवलं. आत शंभराहून जास्त खुणा, आणि नावं काय, तर ००१, ००२, ००३. यंत्र आपणहून देतं तीच. कुठली खूण मासळीची, कुठली जाळं फाडणारी, कुठल्या महिन्यातली, काही नाही. नुसतं बघून कळत नव्हतं की या आकड्यावर जायचं की यापासून लांब राहायचं. मुलाने एकेका खुणेवर जाऊन बघायला सुरुवात केली आहे, चाळीसेक झाल्या, त्यात दोन जाळी गेली. बुडालेल्या हँडसेटवाल्याचं तर तेवढंही उरलं नाही.

म्हणून यंत्राबरोबर एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. खूण केली त्याच संध्याकाळी नाव, अक्षांश, रेखांश, खोली, तळ कसा, महिना, आणि किनाऱ्यावरून दिसणाऱ्या दोन खुणा लिहा. यंत्रात नाव तुमच्या घरात कळेल असं घाला. इंग्रजी अक्षरं घालावी लागली तरी नाव आपलंच असू दे. वही होडीत नको, घरी.

मामा-भाच्याने तरंगणारा, बटणांचा, पेन्सिल सेलवाला सागरी हँडसेट घ्यायचं ठरवलंय. डोंगरासाठी तो जरा जड होईल अशी भाच्याची कुरकुर आहे. मामा म्हणाला, जड झाला तर माझ्याकडे दे. ज्यांच्या घरी जुनी यंत्रं खुणांसकट पडून आहेत त्यांनी ती सेल काढून, पिशवीत घालून संस्थेत आणावीत. संध्याकाळी बसून खुणा वहीत उतरवून देऊ. यंत्र ज्याने वापरलं तो माणूस सोबत आला तर फार बरं.